प्लानाल्तो राजवाड्याचा रुबाब येतो कुठून?

स्टुडिओत मुख्यमंत्री सचिवालयाचं डिझाइन करायला दिलं आहे आणि संदर्भ म्हणून तुम्ही ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, म्हणजे ब्राझिलियातला प्लानाल्तो राजवाडा, निवडला आहे. तुम्ही पाठवलेलं टिपण, साइट प्लॅन आणि थ्रीडी व्ह्यू मी पाहिले. तुमचे प्रश्न दोन आहेत. घुमट, कमानी, नक्षी यांपैकी काहीही नसताना ही इमारत राष्ट्रप्रमुखाची वाटते ती कशामुळे? आणि तसे खांब आपल्या डिझाइनमध्ये घेतले तर चालतील का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. खांब घेऊ नका. या खांबांच्या नकला भरपूर झाल्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी तो खांब भिंतीला चिकटवलेला दागिना होऊन बसला आहे. मूळ इमारतीत त्याच्याकडे काम आहे, पण दिसतं तेवढं नाही. तो किती भार घेतो, किती घेत नाही, आणि काचेपासून किती लांब उभा आहे, हे समजलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप हाती लागतं. म्हणून फोटो बाजूला ठेवा आणि सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसेल तो नकाशा, उघडा.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. जुसेलिनो कुबिशेक १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि किनाऱ्यावरची राजधानी रिओहून हलवून देशाच्या मधल्या पठारावर नेण्याचं जुनं आश्वासन त्यांनी खरं करायला घेतलं. शहराच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली, १९५७ मध्ये ती लुसिओ कोस्ता यांनी जिंकली. प्रमुख सरकारी इमारतींचं डिझाइन आर्किटेक्ट ओस्कार निमायर यांच्याकडे होतं. कोस्तांनी शहराच्या मुख्य अक्षाच्या पूर्व टोकाला त्रिकोणी चौक ठेवला आणि त्याच्या तीन कोनांवर राज्याच्या तीन सत्ता बसवल्या: संसद, सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय. प्लानाल्तोचं काम जुलै १९५८ मध्ये सुरू झालं आणि २१ एप्रिल १९६० ला, शहराच्या उद्घाटनाच्याच दिवशी, इमारत खुली झाली. चार मजले, सुमारे ३६,००० चौरस मीटर, आणि काम दोन वर्षांच्या आत. ते करणाऱ्या मजुरांना तिथे ‘कांदांगो’ म्हणतात. देशभरातून, विशेषतः दुष्काळी ईशान्य भागातून, ते तिथे आले होते. या वेगाचा विचार केल्याशिवाय इमारतीतला साधेपणा नीट समजत नाही.

साधेपणाला आणखी एक कारण आहे आणि ते माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे. १९५८ च्या सुरुवातीला निमायर यांनी ‘मोदुलो’ या नियतकालिकात स्वतःच्या आधीच्या कामाची जाहीर झाडाझडती घेतली. फार कामं एकदम घेतली, आकारांचा सोस केला, असं त्यांचं म्हणणं होतं. यापुढे मोजके, स्पष्ट आकार आणि सौंदर्य यायचं ते रचनेतूनच, असं त्यांनी ठरवलं. पन्नाशीतला नावाजलेला आर्किटेक्ट असं लिहितो आणि त्याच वर्षी प्लानाल्तोची पायाभरणी होते. इमारतीचे भाग मोजून पाहा: वर एक सपाट छत, खाली जमिनीपासून उचललेला एक मजला, मध्ये मागे सरकलेली काचेची पेटी, कडेला खांबांची रांग आणि समोर एक रॅम्प. चौकातून बघणाऱ्याला याहून फारसं काही सांगता येत नाही.

आता सेक्शन. मुख्य मजल्याची स्लॅब जमिनीच्या वर उचललेली आहे. तिच्यावर, कडेपासून बरीच आत, काचेची भिंत उभी आहे. छत त्या काचेच्या खूप पुढे येतं आणि ते जिथे संपतं तिथे खांब आहेत. म्हणजे काच आणि खांब यांच्यामध्ये माणसं आरामात चालू शकतील अशी एक सलग, सावलीतली जागा आहे. आपल्याकडच्या वाड्याला ओसरी असते, तशीच ही राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाची ओसरी समजा. ब्राझीलमध्येही ही गोष्ट परकी नव्हती. तिथल्या वसाहतकाळातल्या शेतवाड्यांना असे लांब व्हरांडे असायचे. निमायर यांनी प्लानाल्तोच्या जरा आधी बांधलेलं राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान, आल्व्होरादा, पाहिलंत तर आडवी लांबलचक इमारत, पुढे व्हरांडा आणि शेजारी छोटं प्रार्थनाघर, ही शेतवाड्याची मांडणी स्पष्ट दिसते.

आल्व्होरादाचे खांब एलेव्हेशनला, म्हणजे दर्शनी बाजूला, समांतर आहेत. त्यांची वळणं एकमेकांना भिडून समोरून एक नक्षीदार पट्टा तयार होतो. प्लानाल्तोत निमायर यांनी खांब नव्वद अंशात फिरवला. खांबाची पातळ कड चौकाकडे, रुंद बाजू दर्शनी भागाला काटकोनात. हा बदल कागदावर किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात सगळी इमारत त्याच्यावर चालते.

चौकात इमारतीच्या अगदी समोर उभे राहिलात तर खांबांच्या फक्त कडा दिसतात, पांढऱ्या उभ्या रेघा. मागची काच पूर्ण उघडी, छत अधांतरी ठेवल्यासारखं. मग बाजूला चालायला लागा. प्रत्येक पावलागणिक खांबांच्या रुंद बाजू दिसू लागतात, एकामागे एक येतात, आणि कोपऱ्याजवळ पोचेपर्यंत काच जवळपास झाकून जाते. त्याच इमारतीला तिथे पांढरी, वळणदार भिंत आलेली असते. उघडी इमारत चालता चालता बंद होते. छायाचित्रकार एक कोन निवडतात, त्यामुळे छापील फोटोत हे कधीच सापडत नाही. चौकाच्या पलीकडे सर्वोच्च न्यायालय आहे. तिथे खांब त्याच घराण्यातले, पण रांगा इमारतीच्या दोन बाजूंना, त्यामुळे चौकातून त्यांचं वळण थेट दिसतं. एका इमारतीत जे समोरून दिसतं ते दुसरीत कोपऱ्यावरून. दोन सत्ता समोरासमोर आहेत, नात्यातल्या आहेत आणि तरी एकमेकींची प्रत नाहीत, हे एवढ्याशा फिरवण्यातून साधलं आहे.

खांबाचा आकार नीट पाहा. मुख्य मजल्याच्या पातळीवर तो सर्वांत रुंद आहे, वर छताकडे निमुळता होत जातो आणि खाली जमिनीकडेही. जमिनीला अगदी थोडक्यात टेकतो. विद्यार्थी इथे दोन चुका करतात. एक तर ‘हा निव्वळ शिल्पाचा आकार’ म्हणतात, नाही तर ‘भाराच्या मार्गाचं तंतोतंत चित्र’ म्हणतात. खरं म्हणजे कार्यालयांच्या मजल्यांचा भार आतल्या, काचेमागच्या साध्या खांबांवर आहे. बाहेरच्या खांबाच्या वाट्याला छताची कड आणि उचललेल्या मजल्याची कड, एवढंच येतं. म्हणूनच तो इतका बारीक होऊ शकतो. वरच्या आणि खालच्या टोकाशी तो बिजागरीसारखा वागतो असं धरा. तिथे वाकवणारा जोर कमी, म्हणून छेद लहान चालतो. स्लॅब जिथे त्याच्यात शिरते तिथे जोर जास्त, म्हणून तिथे रुंदी. आकार रचनेच्या तर्काशी भांडत नाही, पण तर्काने मागितलं त्यापेक्षा पुढे जातो. हे पुढे जाणं कुठे थांबवायचं ते ज्यांनी ठरवलं त्यांचं नाव तुमच्या टिपणात नाही, ते घाला: जोआकिम कार्दोझो. रेसिफेचे इंजिनिअर, आणि पोर्तुगीज भाषेतले मान्यवर कवीसुद्धा. १९४० च्या दशकातल्या, बेलो ओरिझोंती शहरातल्या पांपुल्याच्या कामांपासून ते निमायर यांच्याबरोबर होते. छताची आणि मजल्याची कड चौकातून पातळ दिसते. बाहेर झेपावलेल्या स्लॅबमध्ये टोकाकडे जाताना जोर कमी होत जातो आणि तिथे जाडी उतरवता येते, या नियमाचा तिथे शेवटच्या सेंटिमीटरपर्यंत उपयोग केलेला आहे. निमुळत्या टोकांमध्ये सळया दाटीवाटीने भराव्या लागतात. आपल्याकडच्या साइटवर असा छेद दाखवला तर फोरमन पहिला प्रश्न विचारील की काँक्रीट आत शिरणार कसं, आणि त्याचं बरोबर असेल.

आता एक गोष्ट जी ऐकून बरेच जण बिचकतात. हे खांब उघड्या काँक्रीटचे नाहीत. त्यांच्यावर पांढऱ्या संगमरवराचं क्लॅडिंग, म्हणजे बाहेरून बसवलेलं आवरण, आहे. आधुनिक वास्तुकला म्हणजे साहित्याचा प्रामाणिकपणा, असं आपण पहिल्या वर्षापासून घोकत आलेलो असतो. आपल्या डोळ्यांसमोर चंदीगड असतं. १९५० च्या दशकापासून ल कोर्ब्युझिए यांनी तिथलं सचिवालय, उच्च न्यायालय आणि विधानसभा उघड्या, खरखरीत काँक्रीटमध्ये उभी केली. शटरिंगच्या फळ्यांचे ठसे, सांधे, डाग सगळं दिसतं. वजन दिसतं. निमायर यांना वजन दाखवायचंच नव्हतं. पठारावरच्या त्या प्रचंड आकाशाखाली इमारती हलक्या, पांढऱ्या, जमिनीवर जेमतेम टेकलेल्या दिसाव्यात हा हेतू होता आणि त्यासाठी संगमरवराची गुळगुळीत कातडी त्यांनी बिनदिक्कत वापरली. मला स्वतःला त्यांचंच जवळचं इतामाराती, म्हणजे परराष्ट्र मंत्रालय, जास्त आवडतं. तिथे कमानी उघड्या काँक्रीटच्या आहेत, फळ्यांच्या रेघांसकट, भोवती पाणी आणि बागरचनाकार बुर्ले मार्क्स यांची बाग. पण आवड वेगळी आणि परीक्षण वेगळं. प्लानाल्तोत हलकेपणा हाच विषय असेल तर पांढरं क्लॅडिंग योग्यच आहे.

चंदीगडवरून आठवलं: तिथेही राज्यप्रमुखासाठी एक आधुनिक प्रासाद ठरला होता, राज्यपाल भवन. संकुलाच्या शिरोभागी त्याची जागा होती आणि नकाशे तयार होते. नेहरूंना लोकशाहीत राज्यपालाचं निवासस्थान सर्वांच्या डोक्यावर असणं पटलं नाही आणि ते बांधलंच गेलं नाही. ब्राझिलियात कोस्तांनी त्रिकोण केला तेव्हा हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटला. राष्ट्राध्यक्षांची इमारत अक्षाच्या मध्यावर नाही, एका कडेला आहे. अक्षावर संसद आहे, तिच्या २८ मजली जोडमनोऱ्यांसकट. दुरून येणाऱ्याला आधी संसद दिसते. तुमच्या साइट प्लॅनमध्ये मुख्यमंत्री कार्यालय तुम्ही सरळ मध्यरेषेवर ठेवलं आहे. का ठेवलं, याचं उत्तर ज्यूरीत, परीक्षकांसमोर, विचारलं जाईल.

हवामानाचा मुद्दा तुम्ही एका ओळीत उरकला आहे, ‘काच असल्यामुळे ट्रॉपिकल भागात अयोग्य’. एवढ्या घाईने निकाल देऊ नका. ब्राझिलिया विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १५.८ अंशांवर आहे. आपलं पणजी उत्तरेला १५.५ अंशांवर. म्हणजे सूर्याचे कोन जवळजवळ सारखे, फक्त दिशा उलट: आपल्याला जी दक्षिण, ती त्यांची उत्तर. प्लानाल्तोचा चौकाकडचा दर्शनी भाग दक्षिणेकडे, जरासा पश्चिमेला कलून, तोंड करून आहे. जूनमध्ये तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे दर्शनी काचेवर तो येतच नाही. डिसेंबरमध्ये येतो, पण क्षितिजापासून सुमारे ८२ अंशांवर. त्या कोनात १ मीटर पुढे आलेलं छत खालची ७ मीटर काच सावलीत ठेवतं. एवढ्या खोल छताखाली दुपारी चिंता नाही. त्रास आहे तो मागच्या, उत्तरेकडच्या बाजूला. तिथे जूनचा दुपारचा सूर्य ५१ अंशांवर असतो आणि १ मीटर छत जेमतेम सव्वा मीटर काच झाकतं. डिसेंबरच्या संध्याकाळी दर्शनी काचेवर तिरकं ऊनही येतं. काटकोनात फिरवलेले खांब तेव्हा उभ्या पात्यांसारखी थोडी मदत करतात, पण त्यांच्यातलं अंतर इतकं आहे की तो मूळ हेतू होता असं म्हणू नये. पडदे आणि वातानुकूलन यांच्याशिवाय ही इमारत चालत नाही, हे मान्य. पण ‘अयोग्य’ हा शब्द बाजू बघून, तास बघून वापरावा.

कोरडेपणा हा तिथला खरा शत्रू. मेपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस नाही आणि हवेतला ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली जातो. आज इमारतीसमोर जे पाणी दिसतं ते मूळचं नाही. ते १९९१ मध्ये आलं. सुमारे १,६३५ चौरस मीटरचा, १.१ मीटर खोल तलाव, ज्यात जपानी कार्प मासे सोडलेले आहेत. एक हेतू ओलाव्याचा, दुसरा सुरक्षेचा. नंतरची भर म्हणून नाकं मुरडणारे आहेत, मी त्यांच्यातला नाही. सुरक्षेसाठी सहसा कुंपण येतं, मग गेट, मग चौकी, आणि उघड्या इमारतीचा जीव जातो. इथे अंतर राखलं गेलं आणि दृष्टी अडली नाही, शिवाय उचललेल्या मजल्याचं प्रतिबिंब पाण्यात पडून तो दुप्पट हलका दिसतो. संरक्षित इमारतीत नवीन काही करायची वेळ आली तर मी हे उदाहरण काढून दाखवतो.

रॅम्प हा मात्र सगळ्यांत अवघड भाग, कारण तिथे वास्तुकला संपून राज्यव्यवस्था सुरू होते. रोजची ये-जा त्यावरून होत नाही, तो समारंभांसाठी आहे. नवीन राष्ट्राध्यक्ष त्यावरून वर जातात, मावळते त्यांच्या गळ्यात अधिकाराचा पट्टा घालतात आणि शेजारच्या उंच ओट्यावरून लोकांना भाषण होतं. जिन्यावर माणूस पायरीकडे बघतो. रॅम्पवर मान वर राहते, पावलं सलग पडतात आणि खाली जमलेल्या हजारोंना पूर्ण देह दिसत राहतो. तुमच्या अहवालात ‘रॅम्प = लोकशाहीचं प्रतीक’ असं समीकरण आहे. ते काढून टाका. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि १९८५ पर्यंत एकामागून एक सेनाधिकारी याच इमारतीतून देश चालवत होते. रॅम्प तोच होता, काच तीच होती. साम्यवादी निमायर यांना त्या काळात देशाबाहेर राहून काम करावं लागलं. काँक्रीटमध्ये लोकशाही ओतता येत नाही. तिच्यासाठी जागा करून ठेवता येते, आणि ती जागा कोण कशी वापरतं हे आर्किटेक्टच्या हातात नसतं.

हे किती खरं आहे ते २०२३ च्या जानेवारीत आठवड्याच्या आत दोनदा दिसलं. १ जानेवारीला लुला तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले. मावळते राष्ट्राध्यक्ष देशाबाहेर निघून गेले होते, तेव्हा लुला समाजाच्या वेगवेगळ्या थरांतल्या काही जणांना सोबत घेऊन रॅम्प चढले. त्यांत आदिवासी नेते राओनी होते, आणि पट्टा गळ्यात घातला तो कचरा वेचणाऱ्या एका महिलेने. ८ जानेवारीला निवडणुकीचा निकाल अमान्य असलेला जमाव तिन्ही इमारतींमध्ये घुसला. प्लानाल्तोच्या काचा फुटल्या. ब्राझिलियन चित्रकार दि काव्हालकांती यांचं मोठं तैलचित्र सात ठिकाणी फाडलं गेलं. ब्रूनो जॉर्जी यांच्या बासरीवादकाच्या ब्राँझ शिल्पाचे तुकडे झाले. फ्रेंच दरबाराकडून पोर्तुगालच्या राजाला भेट मिळालेलं, बाल्ताझार मार्तिनो यांनी बनवलेलं सतराव्या शतकातलं घड्याळ जमिनीवर आपटलं गेलं. ते स्वित्झर्लंडमध्ये दुरुस्त होऊन जानेवारी २०२५ मध्ये परत आलं. यानंतर ‘काचेचा राजवाडा बांधलाच का’ असा सूर निघणं साहजिक होतं. मला तो चुकीचा वाटतो. त्या दिवशी अपयश आलं ते पहाऱ्याला. दगडी भिंतींचे राजवाडेही जमावांनी लुटलेले आहेत.

एक गोष्ट फोटोंमध्ये येत नाही म्हणून सांगतो. प्लानाल्तोच्या मागे जोड-इमारती आहेत आणि कामकाजाचा मोठा भाग तिथे चालतो. मुख्य इमारतीत समारंभाची दालनं दुसऱ्या मजल्यावर, राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय तिसऱ्यावर. समोरची पेटी इतकी मोकळी राहू शकली कारण कपाटं, फायली, उपाहारगृह आणि गाड्या दुसरीकडे गेल्या. तरीही पन्नास वर्षांत वायरिंग, वातानुकूलन, आग लागल्यास बाहेर पडण्याची सोय यांचा बोजा साचलाच, आणि २००९–१० मध्ये राष्ट्राध्यक्षांचं कामकाज दुसऱ्या इमारतीत हलवून मोठी दुरुस्ती करावी लागली. तुमच्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे लागणाऱ्या जागांच्या यादीत, सचिवालयाची सातशे माणसं आणि समारंभाचं दालन एकाच काचेच्या पेटीत कोंबली आहेत. प्लानाल्तोची मोकळीक हवी असेल तर आधी मागची इमारत आखा.

तर घ्यायचं काय? काच आणि खांब यांच्यामधलं अंतर घ्या. आपल्याकडे ऊन आहेच, शिवाय कोकणपट्टीत वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस आहे, म्हणून ते अंतर प्लानाल्तोपेक्षा कमी नको, जास्त हवं. छताच्या कडेखाली ड्रिप मोल्ड, म्हणजे पाणी आत न वळता खाली टपकावं यासाठीची खाच, दाखवा, नाही तर दोन पावसाळ्यांत पांढऱ्या खांबांवर काळे ओघळ उतरतील. क्लॅडिंग करणार असाल तर दगड कशाने धरला आहे आणि आतलं पाणी कुठून बाहेर जाणार हे तपशिलात काढा. खांब कोणत्या आकाराचा हा प्रश्न सर्वांत शेवटी, तुमच्याच छताचा भार आणि तुमचाच स्पॅन, म्हणजे आधारांमधलं अंतर, हातात आल्यावर सोडवा. उत्तर साधा गोल खांब निघालं तरी घाबरू नका.

पुढच्या वेळी थ्रीडी व्ह्यू पाठवू नका. १:५० चा एक सेक्शन पाठवा, छताच्या कडेपासून जमिनीपर्यंत, आणि त्यात खांबाचं टोक जिथे स्लॅबला भेटतं तिथे सळया कशा वळवणार आहात ते काढा. त्यावर सविस्तर बोलू.